सुट्टीच्या कागदावर ‘फिजिओथेरपी करावी’ एवढेच लिहू नका

प्रति,
मा. जिल्हा शल्य चिकित्सक, नाशिक
मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, नाशिक
मा. कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक

विषय : पक्षाघाताच्या रुग्णाला घरी सोडल्यानंतरच्या पहिल्या ९० दिवसांतील पुनर्वसनाबाबत

सन्माननीय महोदय,

पक्षाघात झालेल्या माणसाला वाचवण्याची व्यवस्था पूर्वीपेक्षा बरी झाली आहे. १०८ ला फोन केला की गाडी येते, सीटी स्कॅन होतो, साडेचार तासांच्या आत पोहोचले तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांमुळे भरती असतानाचा मोठा खर्च अनेक घरांवर पडत नाही. मग आठ-दहा दिवसांनी सुट्टी होते आणि हातात एक कागद येतो. त्यावर गोळ्यांची यादी असते, पुढच्या तपासणीची तारीख असते आणि तळाशी इंग्रजीत एक ओळ असते : फिजिओथेरपी करावी. कोणी, कुठे, दिवसातून किती वेळ, किती आठवडे, आणि काय अजिबात करू नये, यातले काहीच त्या ओळीत नसते.

ही कोणा एका रुग्णालयाविरुद्धची तक्रार नाही. सरकारी असो, महापालिकेचे असो, खासगी असो, गाडी याच ठिकाणी थांबते. हे पत्र लिहिणारे आम्ही नाशिक शहरात आणि तालुक्यांत आईवडिलांना घरी सांभाळणारे लोक आहोत. आमचे म्हणणे एकच आहे : सुट्टी झाल्यापासून पहिले ९० दिवस प्रत्येक रुग्णाच्या पुनर्वसनाची जबाबदारी कोणा तरी प्रशिक्षित माणसाकडे नावानिशी असावी. ९० दिवस यासाठी की हाताची, पायाची, बोलण्याची सुधारणा याच काळात सर्वांत वेगाने होते. पुढेही होते, वर्षानंतरही होते, पण तेव्हा प्रत्येक पायरीला जास्त कष्ट पडतात. आणि नेमके हेच तीन महिने घरचे लोक फिजिओ शोधण्यात, कागद जमवण्यात आणि ‘लकव्यावर हमखास’ तेल चोळणाऱ्यांच्या मागे फिरण्यात घालवतात. त्यांना दोष देता येत नाही. दुसरे कोणी काही सांगितलेलेच नसते.

नुकसान कसे होते ते नीट मांडतो, म्हणजे मागणी कुठून येते ते कळेल.

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी वडिलांना खाटेवरून खुर्चीत बसवायचे असते. दोघे जण दोन्ही बाजूंनी काखेत हात घालतात आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणून उचलतात. सगळीकडे असेच उचलतात, कारण कोणी दुसरी रीत दाखवलेली नसते. पक्षाघातानंतर खांद्याचे स्नायू लुळे पडलेले असतात. खांद्याचा सांधा खोल नसतो, तो मुख्यतः स्नायूंनीच जागेवर धरलेला असतो. ६० किलोच्या माणसाचा एक हात साधारण तीन किलोचा असतो आणि ते वजन सांध्याला सतत खाली ओढत राहते. त्यात काखेतून हिसका बसला की आधीच निसटू पाहणारा सांधा आणखी खाली सरकतो, भोवतीचे स्नायुबंध ताणले जातात. खांद्याच्या हाडाच्या टोकाखाली बोट मावेल एवढी खाच दिसू लागते. दोन-तीन आठवड्यांत खांदा इतका दुखतो की रुग्ण हाताला कोणाला शिवू देत नाही. मग व्यायाम थांबतो, हात आखडतो, आणि सगळे म्हणतात की लकव्याने हात गेला. त्या हाताचे बरेचसे नुकसान लकव्याने केलेले नसते, उचलण्याने केलेले असते.

बरोबर पद्धत अवघड नाही. खुर्ची रुग्णाच्या चांगल्या बाजूला, खाटेला थोडी तिरकी लावायची आणि ब्रेक लावायचे. रुग्णाला खाटेच्या काठावर पुढे सरकवायचे. दोन्ही तळवे जमिनीला टेकलेले हवेत आणि टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे हव्यात, पाय पुढे पसरलेले असतील तर कोणालाच उठता येत नाही. रुग्णाने पुढे झुकायचे, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतके. मदत करणाऱ्याने समोर उभे राहून स्वतःच्या गुडघ्यांनी रुग्णाचा लुळा गुडघा अडवायचा, म्हणजे तो मध्येच वाकत नाही. पकड रुग्णाच्या कमरेला बांधलेल्या रुंद पट्ट्याला असते, काखेत किंवा दंडाला नसते. रुग्णाने आपल्या मानेला मिठी मारायची नाही, नाहीतर आपली पाठ जाते. दोन माणसांच्या ताकदीचे काम असे केले की एकट्या सुनेला जमते. मात्र हे कागदावर वाचून येत नाही. कोणी तरी दाखवावे लागते, मग आपण करावे लागते आणि चुकले की तिथल्या तिथे कोणी तरी टोकावे लागते. एवढ्याला वॉर्डात वीस मिनिटे लागतात.

खांद्याचीच आणखी दोन कामे. बसलेले असताना लुळा हात मांडीवरच्या उशीवर ठेवायचा, लोंबू द्यायचा नाही. गळ्यातली झोळी उभे राहताना आणि चालतानाच वापरायची. दिवसभर घातली तर हात वाकलेल्या स्थितीतच आखडतो. आणि दाराला कप्पी बांधून चांगल्या हाताने लुळा हात डोक्यावर ओढायचा जो व्यायाम अजूनही सर्रास सांगितला जातो, तो कृपया बंद करायला सांगा. त्याने खांद्याचे दुखणे वाढते.

दुसरे मोठे नुकसान जेवणात होते, आणि तिथे जीव जातो.

पक्षाघातानंतर गिळण्याची क्रिया अनेकांची बिघडते. घास किंवा पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरते आणि न्युमोनिया होतो. घरच्यांना वाटते ठसका लागला तरच काही तरी चुकले. खरा धोका ठसका न लागता आत जाणाऱ्या पाण्याचा असतो, कारण घशाची जाणीवच कमी झालेली असते. खुणा वेगळ्या असतात : पाणी प्यायल्यावर आवाज ओला, घोगरा होणे, घास गालात साठून राहणे, जेवायला पाऊण तास लागणे, रोज संध्याकाळी बारीक ताप येणे. ही यादी प्रत्येक घराला मिळायला हवी.

आपल्याकडे आजाऱ्याला आधी पाणी, मग चहा, मग डाळीचे पाणी देतात. गिळण्याचा त्रास असलेल्याला सर्वांत अवघड असते ते पातळ पाणीच, कारण ते घशात वेगाने उतरते आणि झडप बंद व्हायला वेळ मिळत नाही. त्याखालोखाल अवघड असते घन आणि पातळ एकत्र असलेले : आमटीत भिजलेला भात, दुधातले पोहे, रसाची भाजी. मऊ, एकजीव, ओलसर आणि सुटे कण न होणारे अन्न सोपे जाते. मऊ वरणभात घोटून, नाचणीची आंबील, घट्ट ताकातला मऊ भात, कुस्करलेले केळे हे सगळे घरातलेच आहे. बसवायचे सरळ, पाठीला आधार देऊन, हनुवटी किंचित खाली. अर्धा चमचा घास, तोही चांगल्या बाजूने, आणि आधीचा घास गिळला हे पाहूनच पुढचा. जेवणानंतर अर्धा तास आडवे करायचे नाही. दात आणि जीभ दिवसातून दोनदा स्वच्छ करायची. तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात जातात, म्हणून नुसत्या तोंडाच्या स्वच्छतेनेही न्युमोनियाचा धोका घटतो.

द्रव किती घट्ट हवा, हे ‘थोडे घट्ट द्या’ म्हणून समजत नाही. त्याची साधी मोजणी आहे. १० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढायचा, टोकाला बोट लावून १० मिलीपर्यंत द्रव भरायचा, बोट काढून १० सेकंद वाहू द्यायचे आणि किती उरले ते पाहायचे. १ मिलीपेक्षा कमी उरले तर ते पाण्यासारखेच आहे; ४ ते ८ मिली उरले तर सौम्य घट्ट; ८ च्या वर उरले तर बराच घट्ट. तपासणाऱ्याने सुट्टीच्या कागदावर ‘४ ते ८’ असे दोन आकडे लिहिले तरी घरचे लोक काटेकोरपणे पाळतील. एक बारीक गोष्टही सांगायला हवी : तांदळाची पेज किंवा पिठाने घट्ट केलेला द्रव लाळेने पातळ होतो. तोंडात गेलेला चमचा पुन्हा त्याच वाटीत बुडवत राहिले की शेवटच्या चार चमच्यांपर्यंत ती पेज पाण्यासारखी झालेली असते. म्हणून लहान वाटीत थोडे थोडे घ्यावे.

भरवण्यासाठी नाकातून घातलेली नळी घेऊन घरी जाणाऱ्यांचे प्रश्न वेगळे. नळीवर नाकपुडीपाशी पेनाने खूण हवी. ती खूण सरकलेली दिसली तर काहीही घालायचे नाही. भरवताना डोक्याकडची बाजू निदान ३० अंश उंच हवी, भरवल्यानंतरही तासभर. गोळ्यांची पूड जाडी राहिली की नळी तुंबते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही नळी काढण्यासाठी पुन्हा कधी तपासायचे याची तारीख द्या. गिळणे तीन आठवड्यांत सुधारलेले असूनही केवळ कोणी तपासले नाही म्हणून चार-चार महिने नळी राहते. लघवीच्या नळीचेही तेच. ती घातल्याची तारीख कागदावर नसते, काढायची तर नसतेच. मग जंतुसंसर्ग होतो आणि त्या तापासाठी पुन्हा भरती.

कूस दर दोन तासांनी बदलणे, टाचा गादीला न टेकवता पोटरीखाली उशी देणे, पाऊल खाली लोंबून घोटा आखडू नये म्हणून ते काटकोनात ठेवणे, ही माहिती त्या मानाने लोकांना बरीच असते. त्यावर जास्त लिहीत नाही. फक्त भोक असलेली गोल रबरी रिंग टाचेखाली किंवा माकडहाडाखाली ठेवू नका असे सांगायला हवे. तिच्या कडेने रक्तपुरवठा तुटतो आणि जखम वाढते.

म्हणून पहिली मागणी अशी. सुट्टीच्या आदल्या दिवशी घाईघाईने नव्हे, तर रुग्ण स्थिरावल्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून घरच्या दोन माणसांना वॉर्डात शिकवा. दोन यासाठी की एक आजारी पडला तर दुसरा हवा. खाटेवरून खुर्चीत नेणे, कूस बदलणे, घास भरवणे, नळी असल्यास नळीतून भरवणे, आणि चांगल्या हाताला रक्तदाब मोजणे. प्रत्येक काम त्या माणसाने तीन वेळा स्वतः करून दाखवावे आणि मगच कागदावर परिचारिकेची किंवा फिजिओथेरपिस्टची सही व्हावी. ‘नातेवाइकांना समजावून सांगितले’ असा शिक्का नको. समजावून सांगणे आणि करून घेणे यांत फार अंतर आहे. कागद मराठीत, मोठ्या अक्षरात, एका पानाचा. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवणच्या आदिवासी गावांसाठी चित्रांचा. त्याच पानावर एक फोन क्रमांक, जो दिवसा तरी उचलला जाईल.

आता व्यायामाबद्दल.

ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पक्षाघातानंतर गरज असलेल्या रुग्णाला आठवड्यातून निदान पाच दिवस, दिवसाला निदान तीन तास थेरपी द्यावी. आपल्याकडे घरी येणारा फिजिओ चाळीस मिनिटे देतो, त्यातली वीस मिनिटे बहुधा करंट देणाऱ्या मशीनमध्ये जातात. मशीन लावले की घरच्यांना उपचार झाल्यासारखे वाटते. पण मेंदू पुन्हा शिकतो तो रुग्णाने स्वतः, त्याच्या रोजच्या कामाची हालचाल शेकडो वेळा केल्याने. खुर्चीतून उठणे-बसणे, पेला उचलणे, बटण लावणे, लुळ्या पायावर भार घेणे. आखडत चाललेल्या मुठीत रबरी चेंडू दाबायला देण्यापेक्षा मूठ उघडण्याचा, वस्तू सोडण्याचा सराव त्याच्या कामाचा असतो. दुसऱ्याने हात हलवून देण्याने सांधे मोकळे राहतात, तेवढेच.

तीन तास पगारी थेरपिस्ट द्या असे आम्ही म्हणत नाही. घरभेटीचे ५०० रुपये धरले तरी आठवड्यात पाच भेटींचा महिन्याचा खर्च दहा हजारांच्या वर जातो. अंबड-सातपूरच्या कंत्राटी कामगाराला किंवा निफाडच्या द्राक्षबागेत रोजाने जाणाऱ्याला तो झेपत नाही, आणि भरतीचा खर्च उचलणाऱ्या योजना रुग्णालयाच्या दारापर्यंतच सोबत करतात.

यावर नेहमी उत्तर मिळते की घरच्यांनाच व्यायाम शिकवून द्यावेत. याच कल्पनेची आपल्या देशात मोठी चाचणी झालेली आहे. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेला ‘अटेंड’ हा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एका गटातल्या कुटुंबीयांना पुनर्वसनाचे प्रशिक्षण दिले, दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत्यू झालेले किंवा परावलंबी राहिलेले रुग्ण सारखेच होते, ४७ टक्के. याचा अर्थ घरच्यांना शिकवू नका असा नाही. खांदा वाचवायला, घास नीट भरवायला, पाठीला जखम होऊ न द्यायला शिकवलेच पाहिजे. पण त्या शिकवण्याला थेरपिस्टचा पर्याय समजून व्यवस्थेने हात झटकू नयेत. हात आम्ही द्यायला तयार आहोत, दिवसाचे तीन तास द्यायलाही तयार आहोत. या आठवड्यात काय करायचे, पुढच्या आठवड्यात काय बदलायचे, गुडघा मागे झटकतो आहे तर कुठे थांबायचे, हे ठरवणारे माणूस मात्र शिकलेले हवे. व्यायामाचा कागद पहिल्या दिवशी मिळाला आणि तीन महिने तोच राहिला, तर दुसऱ्या आठवड्यापासून तो निरुपयोगी असतो.

म्हणून दुसरी मागणी : पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा आणि पुढचे दोन महिने पंधरा दिवसांतून एकदा थेरपिस्टची भेट. शहरात ती बिटको, डॉ. झाकीर हुसेन, पंचवटीचे इंदिरा गांधी आणि सिडकोतले श्री स्वामी समर्थ ही महापालिकेची रुग्णालये आपापल्या भागासाठी ठरवू शकतात. ग्रामीण भागात ती ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात, ठरलेल्या वारी, शक्यतो बाजाराच्या दिवशी व्हावी, कारण त्या दिवशी गावाकडून गाडी मिळते. सुरगाण्याच्या रुग्णाला अर्ध्या तासाच्या व्यायामासाठी घाट ओलांडून नाशिकला आणणे म्हणजे एक दिवस, एक भाड्याची जीप आणि बरोबरच्या दोघांची मजुरी बुडणे. दोन खेपांनंतर कोणीही येणे सोडते. राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात १० खाटांचा वॉर्ड, फिजिओथेरपी आणि खालच्या केंद्रांत ज्येष्ठांची ठरलेली ओपीडी अपेक्षितच आहे. नवीन योजना आखण्याची गरज नाही, या ओपीडीत पक्षाघाताच्या रुग्णांची नावे आणि तारखा लागल्या पाहिजेत.

घरी पोहोचल्यावर तिसऱ्या दिवशी आशाताईंनी एकदा डोकावावे : ताप आहे का, ठसका लागतो का, पाठ लाल झाली आहे का, गोळ्या चालू आहेत का, रक्तदाब किती. पाचच प्रश्न. पण त्याचा मोबदला ठरवून द्या. मोबदल्याशिवाय त्यांच्या हातात आणखी एक रजिस्टर देऊ नका. गोळ्यांचा प्रश्न त्यात मुद्दाम घातला आहे. पट्टी संपली की ‘आता बरे वाटते’ म्हणून रक्तदाबाची आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी बंद होते, आणि दुसरा झटका बहुधा पहिल्यापेक्षा जास्त घेऊन जातो.

कुलगुरू महोदय, आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून याच शहरात आहे. संलग्न महाविद्यालयांतले फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे पुन्हा शिकवणारे उपचार) आणि वाचाउपचाराचे विद्यार्थी आंतरवासिता (इंटर्नशिप) करतात. त्यातले काही आठवडे घरभेटींसाठी राखून ठेवले, आणि शिक्षकाने दर आठवड्याला त्या नोंदी तपासल्या, तर तालुक्यांपर्यंत पोहोचणे अवघड नाही. विद्यार्थ्यालाही पलंग, कट्टा, धरून चालायच्या दांड्या (पॅरलल बार) नसलेल्या घरात, शेणाने सारवलेल्या जमिनीवर, उंबऱ्यावरून रुग्णाला कसे न्यायचे हे तिथेच शिकता येईल.

वाचाउपचारांची टंचाई सर्वांत मोठी आहे, आणि ते नसणे कोणाच्या लक्षातही येत नाही. डाव्या मेंदूला इजा झाली की अनेकांची भाषा जाते. शब्द सुचत नाही, किंवा भलताच येतो, किंवा समोरच्याचे बोलणे कळत नाही. घरचे समजतात डोक्यावर परिणाम झाला. काहींना लहान मुलासारखे वागवतात, काही जोरात बोलतात, जणू ऐकू येत नाही. बोलता न येणाऱ्या माणसाला पाढे, हरिपाठ, आरती, वारांची नावे बरेचदा सलग म्हणता येतात, कारण पाठ असलेले बोलणे वेगळ्या वाटेने येते. तिथून सुरुवात करता येते. वाचाउपचार भाषेवर चालतो, म्हणून चाचणी आणि चित्रांचे तक्ते मराठीत हवेत, गरजेप्रमाणे अहिराणीत, कोकणा आदिवासींच्या कोकणीत. इंग्रजी तक्त्यातले सफरचंद आणि छत्री दाखवून सटाण्याच्या आजीची भाषा तपासता येत नाही. तिला भाकरी, विळा, घागर दाखवा. आठवड्याला अर्धा तास व्हिडिओवरूनही हे काम बऱ्यापैकी होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात एक खोली, एक टॅब आणि चांगले नेटवर्क, एवढी सोय करा.

साधनांचे थोडक्यात. साध्या व्हीलचेअरची बाहेरून रुंदी दोन फुटांच्या वर असते. सिडकोतल्या घरांत आणि जुन्या नाशकातल्या वाड्यांत संडासाचे दार त्याहून अरुंद सापडते. त्यामुळे चाकांची अरुंद कमोड खुर्ची बहुतेक घरांना जास्त उपयोगी असते, आणि कोणी ती सुचवत नाही. खाटेची उंची अशी हवी की बसल्यावर तळवे टेकतील. सहा इंचांच्या उंबऱ्याला सहा फुटांचा उतार लागतो, फूटभराची फळी टाकली तर खुर्ची मागे उलटते. मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे ३,००० रुपये एकदाच मिळतात आणि तेही ६५ वर्षांवरच्यांना. पन्नाशीत झटका आलेल्याला त्यात जागा नाही. साधने बहुतेकांना काही महिनेच लागतात. म्हणून महापालिकेने अनामत घेऊन परत करायच्या बोलीवर साधनांची पेढी सुरू करावी : हात आणि पाय टेकायचे भाग काढता येणाऱ्या व्हीलचेअर, कमोड खुर्च्या, हवेच्या गाद्या, चार पायांच्या काठ्या. दिव्यांग कल्याणासाठी राखीव ५ टक्के निधी याच कामासाठी आहे. ब्रेक आणि टायर तपासणारा एक मेकॅनिक त्यात धरावा, कारण ब्रेक सैल झालेली व्हीलचेअर ही पडण्याचे कारण ठरते. २०२७ च्या सिंहस्थासाठी व्हीलचेअर, घडीच्या खाटा घेतल्या गेल्या, तर पर्व संपल्यावर त्या गोदामात न जाता या पेढीत याव्यात, असे खरेदीच्या आदेशातच लिहून ठेवा.

दिव्यांग प्रमाणपत्राबाबत एवढेच की पुनर्वसन त्या कार्डाची वाट पाहत थांबू नये. कार्ड यायला वेळ लागतो, आणि ९० दिवस तोवर संपतात. दिव्यांगतेचे प्रमाण पुढे बदलण्यासारखे असेल तर मुदतीचे प्रमाणपत्र देण्याची सोय नियमांत आहे. ती पक्षाघातासाठी वापरा. भाषा गेलेल्या रुग्णाची वाचा-दिव्यांगताही मोजा, ती २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या अनुसूचीत आहे. स्ट्रेचरवरून येणाऱ्याला दिव्यांग तपासणी बोर्डाच्या दिवशी तळमजल्यावर आणि पहिल्या तासात तपासा. आणि त्याच कायद्याच्या २४ व्या कलमात जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तींसाठी काळजीवाहकाचा भत्ता सांगितला आहे. नोकरी किंवा रोजगार सोडून घरी बसलेल्या मुलीला-सुनेला त्याबद्दल कोणी सांगत नाही. जिल्ह्यात त्यासाठी अर्ज कोणाकडे करायचा, हे जाहीर करावे.

काळजी घेणाऱ्याचे शेवटचे. रात्री दोन-दोन तासांनी उठणारे माणूस तीन महिन्यांत स्वतः रुग्ण होते : पाठ, रक्तदाब, झोप. सुमारे एकतृतीयांश रुग्णांना पक्षाघातानंतर नैराश्य येते, त्यावर औषध आहे, पण ‘असे झाल्यावर कोणाला वाईट वाटणार नाही’ म्हणून ते विचारलेच जात नाही. तपासणीच्या दिवशी रुग्णाला आणि काळजी घेणाऱ्यालाही झोप आणि मन यांबद्दल दोन प्रश्न विचारावेत. ब्युरोकडून येणाऱ्या मावशी मनापासून काम करतात, पण त्यांनाही काखेतूनच उचलायला शिकवलेले असते. महापालिकेच्या कौशल्य विकास वर्गांत घरगुती रुग्णसेवेचा अभ्यासक्रम घ्या आणि त्यात पक्षाघाताचे दोन दिवस असू द्या.

हे सगळे एकदम होणार नाही हे आम्हाला माहीत आहे. वॉर्डातले शिक्षण आणि मराठी कागद यांना निधी लागत नाही, एक आदेश लागतो. तो आधी काढा. कागदाचा मसुदा तपासायला, सोप्या मराठीत आणि अहिराणीत आणायला, वॉर्डात नव्या कुटुंबांसमोर उभे राहून दाखवायला आमच्यातले अनुभवी लोक येतील. थेरपिस्टच्या भेटी आणि साधनांची पेढी यांसाठी पुढच्या अंदाजपत्रकाच्या आधी आपण चौघांनी एकत्र बैठक घ्यावी आणि तिला आम्हालाही बोलवावे.

उत्तरात ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ असे नको. कोणत्या रुग्णालयाच्या कोणत्या वॉर्डात, कोणत्या तारखेपासून, कोण शिकवणार, तेवढे कळवा.

आपले,
पक्षाघाताच्या रुग्णांची घरी काळजी घेणारे कुटुंबीय,
नाशिक शहर व जिल्हा